मुलांची भांडणं शनिवारची वाट पाहत नाहीत

प्रति,
मा. संचालक,
राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, पुणे



मी बीड जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत तिसरी-चौथीला शिकवते. 2024 मध्ये पहिली ते आठवीसाठी 'आनंददायी शनिवार' आला, तेव्हा आम्हा शिक्षकांना मनापासून बरं वाटलं. राग आवरणं, मनातलं बोलणं, दुसऱ्याचं ऐकून घेणं हेही शिक्षणच आहे, हे शासनाने मान्य केलं. आता हे काम शनिवारपुरतं ठेवू नका, एवढ्याचसाठी हे पत्र.

खो-खोत कोण बाद झालं यावरून सोमवारी जुंपते. बुधवारी पोषण आहाराच्या रांगेत ढकलाढकली होते. शिकवायची वेळ तीच असते. दोघांना समोरासमोर बसवायचं. एकाने सांगायचं, दुसऱ्याने ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगायचं, मग उलट. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने छडी बंद केली, ते योग्यच झालं. पण छडीच्या जागी काय करायचं, हे शिक्षकाला कुणीतरी शिकवायला हवं.

आमच्याकडे ऊसतोडीला गेलेली कुटुंबं हंगाम संपला की परततात. असाच चौथीतला एक मुलगा परत आला. त्याच्या जागेवर दुसरा बसलेला, धडे कितीतरी पुढे गेलेले. तो कुणाशी बोलेना. कुणीतरी 'कोपीवाला' (कोपी म्हणजे ऊसतोड मजुरांची झोपडी) म्हणून चिडवलं, तसा दप्तर उचलून घरी निघाला. दुसऱ्या दिवशी मी जोडीचर्चा घेतली : दिवाळीनंतर मी काय नवं शिकलो? मोळी कशी बांधतात, गाडी कशी भरतात, आईवडील फडात असताना धाकट्या बहिणीला कोपीत कसं सांभाळलं, हे त्याने जोडीदाराला सांगितलं. जोडीदाराने ते वर्गापुढे मांडलं. ज्याने चिडवलं होतं, तोच विचारू लागला, "उसाची पानं हाताला कापतात का रे?" मागे पडलेला अभ्यास भरून काढायला पुढे बराच वेळ लागला. पण त्याआधी त्याला वर्गात बसावंसं वाटायला हवं होतं.

ही पद्धत माझी नव्हे. शांतिलाल मुथ्था फाउंडेशनचा 'मूल्यवर्धन' कार्यक्रम 2009 मध्ये बीडच्याच जिल्हा परिषद शाळांत सुरू झाला. उपदेश न करता जोडीत, गटात मुलांना बोलतं करायचं, हा त्याचा गाभा. दिल्लीतल्या सरकारी शाळांनी तर 2018 मध्ये आठवीपर्यंतच्या मुलांसाठी 'हॅपिनेस'चा रोजचा तासच ठेवला.

म्हणून तीन विनंत्या. परिपाठाला जोडून रोज वीस मिनिटं वेळापत्रकात द्या. प्रशिक्षण एका दिवसात उरकू नका. त्यासाठी दर महिन्याच्या शिक्षण परिषदेत वर्गातले खरे प्रसंग चर्चेला येऊ द्या. आणि उपक्रम आखताना द्विशिक्षकी शाळा डोळ्यांसमोर ठेवा. साठ पटापर्यंत दोनच शिक्षक असतात आणि एकेकाकडे दोन-तीन इयत्ता. त्यात फोटो, लिंक आणि अहवालांची भर पडली, तर मुलांशी बोलायचा वेळच त्यात जाईल. या वीस मिनिटांना गुणही नकोत. मार्कांसाठी दाखवलेली माया मुलं लगेच ओळखतात.

येत्या शैक्षणिक वर्षापासून ही सुरुवात करा. कृती तयार करायला, त्या आपापल्या वर्गात घेऊन दाखवायला माझ्यासारखे कितीतरी शिक्षक आनंदाने पुढे येतील.

आपली विश्वासू,
एक प्राथमिक शिक्षिका, जि. बीड