दुष्काळ आणि दुष्काळसदृश

३१ ऑक्टोबर २०२३ रोजी महाराष्ट्र शासनाने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. सोलापूर जिल्ह्यातील ११ तालुक्यांपैकी बार्शी, माळशिरस, सांगोला, करमाळा आणि माढा ही पाच नावे त्यात होती. उरलेल्या सहांविषयी यादीत अवाक्षर नव्हते. तरी मंगळवेढ्याच्या वाचकाला त्यातून 'तुमच्याकडे दुष्काळ नाही' असेच ऐकू येणार होते. पुढच्याच महिन्यात राज्यातील हजारभर महसुली मंडळांसाठी निराळा शब्द आला : 'दुष्काळसदृश परिस्थिती'.

न उच्चारलेल्या अर्थाचा विषय निघाला की आपल्याकडे आनंदवर्धनाचे नाव घेतले जाते आणि पुढचे सारे सहृदयाच्या प्रतिभेवर सोपवले जाते. कवितेपुरते ते ठीक. परंतु काही–बरेच–सर्व, कोमट–गरम–कढत, मध्यम–गंभीर अशा पायऱ्यांच्या शब्दांत सूचित अर्थ इतका मोकाट नसतो. मीमांसकांना हे ठाऊक होते. पाच नखांचे अमुक पाच प्राणी भक्ष्य म्हटले की उरलेले अभक्ष्य ठरतात. या परिसंख्येचे उदाहरण पतंजलीने महाभाष्याच्या आरंभीच वापरले आहे. पॉल ग्राइस यांनी १९६७च्या हार्वर्ड व्याख्यानांत या अनुमानाची रीत सांगितली आणि लॉरेन्स हॉर्न यांनी १९७२च्या प्रबंधात तिला श्रेणींचे रूप दिले : खालची पायरी उच्चारली की वरची नाकारली जाते.

मात्र येथे एक पेच आहे. 'काही विहिरी आटल्या' असे म्हणणाऱ्याने 'सर्व' म्हटले नाही, म्हणून सर्व आटल्या नाहीत असे आपण समजतो. पण 'काहीच, सर्व नव्हे' असेही तो म्हणाला नाही. मग त्याच न्यायाने सर्व आटल्या असे का समजू नये? रोनी कात्झिर यांनी २००७ साली दिलेले उत्तर आम्हाला पटते. न उच्चारलेला पर्याय उच्चारलेल्यापेक्षा गुंतागुंतीचा असता कामा नये. 'सर्व' हा शब्द 'काही'च्या जागी सहज बसतो, तो लांबलचक पर्याय बसत नाही. 'दुष्काळसदृश'च्या शेजारी तर त्याहून आखूड 'दुष्काळ' हाताशी होता. तो टाळला गेला हे म्हणूनच इतके ठळकपणे जाणवते.

अलंकारशास्त्राचा अभ्यासक येथे हरकत घेईल. सादृश्याला भेद लागतोच. मुख चंद्रासारखे असते ते चंद्र नसते म्हणून. तेव्हा 'दुष्काळ नाही' हा त्या शब्दाचा वाच्यार्थच झाला! आम्हाला तसे वाटत नाही. 'दुष्काळसदृश परिस्थिती तर आहेच, किंबहुना दुष्काळच आहे' या वाक्यात विसंगती नाही. शिवाय 'जेथे दुष्काळसदृश परिस्थिती असेल तेथे टँकर पाठवावा' असा हुकूम वाचून खऱ्या दुष्काळी गावाचा टँकर कोणी रोखणार नाही. अटीच्या वाक्यात तो नकार विरून जातो, साध्या विधानात परत येतो. वाच्यार्थ असा जागा पाहून ये-जा करीत नाही.

आणखी एक बंधन आहे, आणि आमच्या दृष्टीने तेच मोलाचे. वरची पायरी टाळली यावरून आधी एवढेच सिद्ध होते की बोलणारा ती ठामपणे सांगत नाही. 'ती नाहीच' इथवर पोचायचे तर त्याला वस्तुस्थिती पुरती ठाऊक असली पाहिजे. तालुक्यांचा निर्णय २०१६च्या केंद्रीय दुष्काळ व्यवस्थापन संहितेनुसार झाला. तीत पावसाखेरीज पिकांची वाढ, मातीतील ओल, भूजल हेही पाहायचे असते. मंडळांसाठी निकष लावला तो पावसाचा : सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी आणि एकूण ७५० मिलिमीटरहून कमी. पिके, ओल आणि भूजल यांची तीच तपासणी मंडळनिहाय झालेली नसेल, तर 'सदृश' या शब्दामागे 'दुष्काळ नाही' हा ठाम नकार उभाच राहत नाही. मंगळवेढ्याच्या शेतकऱ्याने तो ऐकला यात त्याचा दोष नाही, कारण शासनाला सारे ठाऊक असते असे आपण गृहीतच धरतो. पण त्या शब्दातून त्याला न्यायाने काढता येत होते ते इतकेच : तुमच्या मंडळात दुष्काळ आहे की नाही, हे आम्ही सांगत नाही.