भिंत आपली, भार सर्वांचा

२५ जुलै २०१७ रोजी घाटकोपर येथील चार मजली इमारत कोसळून १७ माणसे प्राणास मुकली. तळमजल्यावर फेरबदल चालले होते व त्यांत आधाराच्या खांबांना हात लावला गेला, असा आरोप तेव्हा झाला. त्या घटनेचे स्मरण आम्ही अशासाठी करून देतो की, दिवाणखाना ऐसपैस व्हावा म्हणून मधली भिंत पाडण्याचा मोह आज घरोघर बळावला आहे.

मोह समजण्याजोगा आहे; उतावीळ क्षम्य नाही. गवंडी भिंतीवर ठोकून पाहतो, ‘नुसता आडोसा आहे’ म्हणतो, आणि घण पडतो! परंतु भिंत भार वाहते की नाही, हे आवाजावरून ठरत नसते. जुन्या वाड्याचाळींत पुष्कळदा विटांच्या भिंतींवरच तुळया टेकलेल्या असतात. काँक्रीटच्या सांगाड्यात भार खांबांवर असतो व साडेचार इंची भिंत बहुधा आडोसाच असते. पण ‘बहुधा’ या शब्दावर शेजाऱ्यांचे प्राण टांगता येत नाहीत. तुळया कोठे टेकल्या आहेत, वरच्या मजल्यावरील भिंत हिच्यावर उभी आहे काय, हे मूळ नकाशे व जागा पाहून स्ट्रक्चरल इंजिनिअरने लेखी सांगावे; मग सोसायटीची व महापालिकेची परवानगी घ्यावी; घण त्यानंतर.

खरेदीखताने भिंत आपली होते; तिच्यावर विसंबून वर निजलेली माणसे आपल्या मालकीची होत नाहीत.