वाद्यांची मोजदाद आणि देशीपणाचा आभास

मराठी समीक्षेत 'देशी' ही संज्ञा मूल्यवाचक झाली आणि पाहता पाहता स्वस्तही झाली. 'टीकास्वयंवर'मधील (१९९०) नेमाडे यांच्या मांडणीकडे या स्वस्ताईचा दोष जात नाही. तो अनुयायांचा आहे. कोंढा-पवनी परिसरातील एखादी कथा पुढे आली, की झाडीबोलीचे शब्द किती, मंडई आणि दंडार यांचे उल्लेख किती, याची मोजदाद होते व निकाल लागतो. वाक्याची घडण कोणाची, निवेदकाचा दृष्टिकोन कोठून आला, कथेचा घाट पुण्या-मुंबईच्या मासिकांतून जसाच्या तसा उचलला आहे काय, हे प्रश्न विचारलेच जात नाहीत.

या पद्धतीची परीक्षा साहित्याबाहेर घेणे सोयीचे, कारण तेथे आपापले गट गुंतलेले नसतात. युसेफ लतीफ यांची 'ईस्टर्न साउंड्स' ही मुद्रिका ५ सप्टेंबर १९६१ रोजी ध्वनिमुद्रित झाली. डेट्रॉइटच्या हार्ड बॉप वातावरणात घडलेले लतीफ तीत टेनर सॅक्सोफोनखेरीज बासरी, ओबो आणि मातीचे एक चिनी फुंकवाद्य वाजवतात. त्यांचे बासवादक अर्नी फॅरो मध्येच रबाब हाती घेतात. मोजदादवाद्यांच्या लेखी 'पूर्व' येथेच सिद्ध झाली! परंतु याच मुद्रिकेत 'स्पार्टाकस' आणि 'द रोब' या हॉलिवूडपटांच्या प्रेमधुना आहेत. रोमन काळाचे हे चित्रपट पूर्वेत कसे बसतात, याचे उत्तर वाद्यांच्या यादीत सापडणार नाही.

म्हणून मुद्रिकेला बनावट ठरवणारी समीक्षाही तितकीच आळशी म्हणावी लागेल. 'ब्लूज फॉर द ओरिएंट'मधील ओबो उपरा वाटत नाही. तो स्वर ओढत, ताणत ब्लूजच्या अंगानेच बोलतो आणि बॅरी हॅरिस यांचा पियानो त्याला त्याच भाषेत उत्तर देतो. 'द प्लम ब्लॉसम'मध्ये तर त्या चिनी वाद्याच्या मोजक्या स्वरांची मर्यादा हीच रचनेची शिस्त बनते. सामग्री दूरची आहे, व्याकरण घरचे आहे, आणि दोहोंच्या घर्षणातून काहीतरी तिसरे घडते. लतीफ यांनी पुढे 'जॅझ' हे नावही नाकारून आपल्या संगीताला स्वतःचे नाव दिले, ही गोष्ट वर्गीकरणप्रेमींनी ध्यानात घ्यावी.

इतक्या दूर जाण्याचीही गरज नाही. चर्चशाळांत स्वरलिपी शिकून मुंबईची हॉटेले व चित्रपटांचे वाद्यवृंद गाजवणाऱ्या गोमंतकीयांच्या परंपरेतील सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्विस यांनी १९७० साली 'रागा रॉक' केले. सॅक्सोफोन विलायती म्हणून ते परके, की राग आहे म्हणून देशी? मोजदादीने दोन्ही निकाल एकाच वेळी लागतात.

झाडीपट्टीच्या नाटकातला ऑर्गनही परदेशीच. त्याचा उगम सांगणे सोपे आहे. रात्र चढल्यावर तो कोणत्या पदाला कशी साथ करतो, नटाच्या बोलीशी त्याचा स्वर कोठे जुळतो व कोठे अडतो, हे सांगण्यासाठी मात्र शब्दसूची मिटून नाटकापुढे बसावे लागेल.