मूळ गाव, खरं आडनाव वगैरे...

"तुम्ही मूळचे कुठले हो?" या प्रश्नाची मराठी माणसाला सवयच असते. आडनाव सांगितलं की समोरचा गाव विचारतो, गाव सांगितलं की कुलदैवत, आणि मग कुठल्यातरी लांबच्या आतेभावाच्या सासुरवाडीचा धागा काढून नातं जोडूनच थांबतो. सिंगापूरला राहायला आल्यावर लक्षात आलं, की या खोडीत आपण एकटे नाही. इथल्या चिनी आज्ज्या-आजोबांचंही तेच. पूर्वजांचं गाव कोणतं, तिकडची बोली कोणती, आणि त्यावरून माणूस कोणत्या खणात ठेवायचा ते ठरवायचं. फरक एवढाच, की आपलं 'मूळ गाव' एस्टीच्या टप्प्यात असतं. त्यांचं समुद्रापलीकडे, आणि बहुतेकांनी ते कधी पाहिलेलंही नसतं.

गेली काही वर्षं या पूर्वजांच्या शोधाला इकडे चांगलाच जोर आलाय. माझी ऑफिसातली एक मैत्रीण त्यात पुरती बुडालेली आहे, आणि तिच्यामुळे मीही थोडी ओली झालेय. त्यातून माझं एक मत बनलं आहे. ते पटेल न पटेल, पण सांगते. पूर्वज जरूर शोधावेत, पण घराण्याच्या पोथीत जे नाहीत त्यांच्यापासून सुरुवात करावी.

आधी थोडं या शोधाबद्दल, म्हणजे मुद्दा नीट कळेल.

पहिली अडचण आडनावाचीच. चिनी आडनाव म्हणजे एक अक्षर. ते लिहायला एकच, पण प्रत्येक बोलीत उच्चार वेगळा. परदेशी बंदरावरच्या कारकुनाने जे ऐकलं ते रोमन लिपीत उतरवलं. त्यामुळे एकाच अक्षराचं मँडरिनमध्ये चेन, होक्कियेनमध्ये तान आणि कँटनीजमध्ये चान होतं. उलटंही होतं. माझ्या मैत्रिणीचं आडनाव आहे 'ङ'! होय, क ख ग घ च्या रांगेत शेवटी मुकाट उभा असणारा आणि आयुष्यभर कुठेच कामाला न येणारा आपला ङ. तो इथे चक्क एक आख्खं आडनाव आहे. पण रोमन लिपीतलं हे एकच आडनाव कँटनीज माणसाचं असेल तर मूळ अक्षर बहुधा 'वू', आणि होक्कियेन किंवा तेओच्यू माणसाचं असेल तर 'हुआंग'. दोन वेगळी घराणी, स्पेलिंग एकच. म्हणून इथला पहिला नियम असा, की स्पेलिंग विसरा, अक्षर शोधा.

ते अक्षर कुठे सापडतं? बऱ्याचदा थडग्यावर. जुन्या चिनी थडग्याच्या दगडावर मधोमध मृताचं नाव असतं, बाजूला त्याचा तालुका आणि गाव, मृत्यूचं वर्ष आणि मुलाबाळांची नावं. म्हणजे जन्मदाखला, रहिवासी दाखला आणि रेशनकार्ड असं सगळं एकत्र. सिंगापूरचं बुकित ब्राऊन हे महापालिकेचं स्मशान १९२२ मध्ये सुरू झालं आणि १९७३ मध्ये बंद. तिथे सुमारे एक लाख थडगी आहेत. २०११ मध्ये त्यातून रस्ता काढायचं जाहीर झालं आणि सुमारे चार हजार थडगी उकरावी लागली. पण त्या निमित्ताने कितीतरी लोकांना पहिल्यांदाच कळलं, की आपले आजोबा, पणजोबा तिथे झाडीत आहेत. काही हौशी मंडळी रविवारी तिथे जाऊन गवत बाजूला करून दगड वाचतात, फोटो काढतात, अनोळखी लोकांना त्यांचे पूर्वज शोधून देतात. यात पैसा नाही, घाम आणि डास मात्र भरपूर.

गाव कळलं की पुढची पायरी गाववाल्यांची मंडळं. थायशान भागातून आलेल्या लोकांचं निंग यूंग वुई कुआन सिंगापूरला १८२२ पासून आहे. म्हणजे रॅफल्स इथे उतरल्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी! हे वाचून 'तीन मराठी माणसं भेटली की मंडळ' ही आपली मक्तेदारी आहे हा माझा समज गळून पडला. आणि शेवटची पायरी म्हणजे गावातली वंशावळ, 'जियापू'. आपल्या कुलवृत्तांताची चिनी बहीण. त्यात पिढीची नावं आधीच ठरलेली असतात. एखाद्या कवितेसारखी अक्षरांची ओळ असते आणि प्रत्येक पिढीतल्या मुलांच्या नावात त्या ओळीतलं पुढचं अक्षर घालायचं. त्यामुळे दोन अनोळखी भाऊबंद भेटले तरी नावावरून कळतं, यातला काका कोण आणि पुतण्या कोण. पुतण्या वयाने मोठा असला तरी!

सांस्कृतिक क्रांतीत (१९६६ ते १९७६) अशा पोथ्या ठिकठिकाणी जाळल्या गेल्या. काही लोकांनी लपवून ठेवल्या. १९८० नंतर गावोगावी त्या पुन्हा लिहिल्या गेल्या, आणि पुष्कळदा त्याला पैसा आला परदेशातल्या भाऊबंदांकडूनच.

आता माझी तक्रार या पोथ्यांबद्दल आहे.

एक साधं गणित करू. आपल्याला आई-वडील दोन, आजी-आजोबा चार, त्यांच्या मागे आठ. असं करत दहा पिढ्या मागे गेलं की त्या पिढीत पूर्वजांच्या १,०२४ जागा होतात. वंशावळ त्यातल्या एकाच जागेवरच्या माणसाचं नाव सांगते: बापाच्या बापाच्या बापाचा... उरलेल्या १,०२३ जागांबद्दल ती गप्प. आणि आपण मात्र छाती फुगवून म्हणतो, "आमचा दहा पिढ्यांचा इतिहास उपलब्ध आहे!"

चिनी पोथीत लग्न होऊन आलेल्या बाईची नोंद सहसा 'अमुक-शी' अशी असते, म्हणजे 'अमुक घराण्यातली'. स्वतःचं नाव नाही. मुली तर पुष्कळदा नसतातच, कारण त्या दुसऱ्याच्या पोथीत जायच्या. तिथे पोचल्यावर त्याही 'अमुक-शी' होणार.

माझ्या मैत्रिणीला तिच्या आजोबांचं नाव पोथीत अगदी व्यवस्थित सापडलं. आजीच्या जागी होतं 'लिन घराण्यातली'. खाली दोन मुलगे. संपलं. मग आजीचं थडगं सापडलं. त्या दगडावर आजीचं स्वतःचं नाव होतं, तिच्या मुलांची नावं होती आणि शेजारी तीन मुलींची. दोन आत्या मैत्रिणीच्या ओळखीच्या. तिसरीचं नाव घरात कोणी कधी उच्चारलेलंच नव्हतं. लहानपणी गेली, की कुणाला देऊन टाकली? (गरीब घरातली मुलगी दुसऱ्याला वाढवायला देणं त्या काळी इथे सर्रास चालायचं.) आता मैत्रीण त्या तिसऱ्या आत्याचा शोध घेतेय. तिच्या वडिलांना, वयाच्या ऐंशीनंतर, आपल्याला आणखी एक बहीण होती हे एका दगडाने सांगितलं. त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत, एवढंच मैत्रीण म्हणाली.

म्हणून मला वाटतं, पोथीपेक्षा दुसऱ्याच कामासाठी केलेले कागद जास्त खरं बोलतात. पोथी लिहिताना माणूस घराण्याची अब्रू सांभाळत असतो. पैसे पाठवताना किंवा साहेबाच्या प्रश्नांना उत्तरं देताना एवढी फुरसत नसते.

'छियाओपी' बघा. परदेशात राबणारे लोक गावी पैसे पाठवायचे, त्याबरोबर जाणारी ही पत्रं. २०१३ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक स्मृतिठेव्यात जागा दिली. मजकूर बहुतेक साधाच. इतके पाठवतोय, त्यातले इतके आईला, इतके थोरल्या वहिनीला. पण त्या वाटणीवरून घरात कोण कोण होतं ते कळतं. पोथीत नसलेल्या बायका इथे रुपया-आण्यांच्या हिशोबात जिवंत सापडतात.

दुसरं उदाहरण अमेरिकेचं. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना तिथे बंदी झाली. १९०६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला भूकंप झाला, आग लागली आणि जन्माच्या नोंदी जळाल्या. तेव्हा अनेकांनी सांगितलं, आमचा जन्म इथलाच. नोंदच नाही म्हटल्यावर खोडणार कोण? मग हे नागरिक चीनला जाऊन यायचे आणि 'तिकडे मुलगा झाला' अशी नोंद करायचे. ती जागा पुढे दुसऱ्याच कुणाच्या तरी मुलाला विकली जायची. हे 'कागदोपत्री मुलगे'. एंजल आयलंडच्या ठाण्यात (१९१० ते १९४०) त्यांची कसून तपासणी व्हायची. घराला पायऱ्या किती, विहीर कुठल्या बाजूला, तांदळाची कणगी कुठे ठेवलेली? मुलं जहाजावर उत्तरं घोकायची आणि बंदर येण्याआधी कागद समुद्रात फेकून द्यायची.

आज त्याच तपासण्यांच्या फायली अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि नातवंडं त्यातून आपलं घराणं शोधतायत. ज्या कागदांचा हेतू माणसाला दारातून परत पाठवणं हा होता, तेच कागद आज त्याच्या घराचा पत्ता सांगतात. बंदी १९४३ मध्ये उठली. १९५६ पासून सरकारने खरी नावं कबूल करायची योजना आणली, तेव्हा हजारोंनी ती सांगितली. बाकीचे घाबरून गप्प राहिले. अशा घरांत थडग्यावर इंग्रजीत एक आडनाव आणि चिनी अक्षरांत दुसरंच दिसतं. मग नातवाने कुठलं लावायचं? माझ्या मते हा वाद फिजूल आहे. एक नाव रक्ताचं, दुसरं ज्याच्या जोरावर घर उभं राहिलं ते. दोन्ही खरी. इंडोनेशियात १९६६ नंतर सरकारी दबावाने चिनी लोकांनी नावं बदलली, तेव्हा लिम मंडळी 'सालिम', 'हालिम' झाली. म्हणजे जुनं अक्षर नव्या नावाच्या पोटात लपवून ठेवलं. याला खोटं नाव म्हणायचं धाडस मला तरी होणार नाही.

मुंबईतही या गोष्टीचा एक धागा आहे. माझगावला सी यिप कून नावाचं छोटंसं चिनी मंदिर आहे, १९१९ सालचं. 'सी यिप' म्हणजे चार तालुके, त्यातला एक थायशान. म्हणजे सिंगापूरचं ते मंडळ, सॅन फ्रान्सिस्कोचे कागदोपत्री मुलगे आणि आपलं माझगाव, सगळे एकाच पंचक्रोशीतले! १९६२ च्या युद्धानंतर भारतातल्या सुमारे तीन हजार चिनी लोकांना राजस्थानात देवळीच्या छावणीत डांबलं होतं. पुढे कितीतरी जण देश सोडून गेले. त्यांची नातवंडं आज पूर्वज शोधतील तेव्हा त्यांना आधी भारताच्या पत्त्यावर यावं लागेल, चीनच्या नंतर.

"एवढं खणून मिळतं काय?" असं कुणी विचारेल. मला तरी यात अभिमानाचा भाग फारसा महत्त्वाचा वाटत नाही. कोणाचे पूर्वज किती जुने ही स्पर्धाच मुळात गमतीची, कारण पूर्वज सगळ्यांचेच सारखे जुने असतात! मिळतं ते हे, की कुणीतरी मोजायचं राहून गेलं होतं, त्याला आपण मोजलं. पॉला विल्यम्स मॅडिसन या अमेरिकन पत्रकार बाईंचे आजोबा जमैकात दुकान चालवणारे हाक्का चिनी, आणि आई जमैकात जन्मलेली त्यांची लेक. लेकीच्या लहानपणीच ताटातूट झालेली. या नातीने साठीच्या उंबरठ्यावर आजोबांचं गाव शोधून काढलं आणि तिकडच्या शेकडो नातलगांना भेटली. २०१४ मध्ये त्यावर माहितीपटही आला. ही वाट आईकडून जाते हे लक्षात घ्या. बापाच्या बापाची शिडी धरून ही बाई तिथे कधीच पोचली नसती.

आणि पोथ्या बदलू शकतात. कन्फ्यूशियसच्या घराण्याची वंशावळ २००९ मध्ये नव्याने छापली. त्यात वीस लाखांहून जास्त नावं आहेत, आणि पहिल्यांदाच मुलींनाही जागा दिली आहे. अडीच हजार वर्षं लागली, पण दिली.

आता हे आमच्या घरच्या मंडळींसाठी. (मला माहीत आहे तुम्ही हे वाचता, कॉमेंट करत नाही एवढंच!) आपल्या कुलवृत्तांताच्या नव्या आवृत्तीसाठी माहिती गोळा करणं चालू आहे. जुन्या आवृत्तीत पणजीची नोंद आहे 'भार्या लक्ष्मी'. हे नाव तिला सासरी मिळालं. चिनी बाईचं नाव लिहिलंच नाही, आपण निदान लिहिलं खरं, पण दुसऱ्यांनी ठेवलेलं. तिचं माहेरचं नाव काय, गाव कुठलं, हे सांगू शकणारी आता एकच व्यक्ती आहे. मोठी आत्या. तिला सत्त्याऐंशीवं चालू आहे.

तेव्हा फॉर्म भरताना मुलग्यांच्या पदव्या आणि हुद्दे सावकाश लिहा, ते कुठे जात नाहीत. आधी आत्याला फोन करा. दुपारी चारनंतर करा, तेव्हा ती चहा घेऊन निवांत बसलेली असते. आणि ती जे सांगेल ते सगळं लिहून घ्या. "हे नको लिहूस बाई" म्हणाली, तर ते तर नक्कीच लिहून ठेवा. छापायचं की नाही ते मागाहून बघू.