निळीच्या नावाचे विष

उन्हाळा लागला की सुपे परगण्याच्या जिरायत पट्ट्यात पाण्याच्या टँकरइतकेच मोल रिकाम्या पिंपांना येते. ही पिंपे कोठून आली, पूर्वी त्यांत काय होते, हे विचारण्याची सवड तहानलेल्या माणसास नसते. ती सरकारने काढावयास हवी. कारण रासायनिक वसाहती आता शहरांच्या वेशीवर थांबलेल्या नाहीत. कुरकुंभची वसाहत तर शेजारच्या दौंड तालुक्यातच आहे. अमुक पिंप तेथलेच असे आमचे म्हणणे नाही. परंतु ते कोठले, याचा दाखला मागण्याचा अधिकार घेणाऱ्यास आहे.

एकट्या अ‍ॅनिलिनचेच उदाहरण घेऊ. त्याच्या नावात आपली नीळच दडली आहे. संस्कृत 'नीली' अरबस्तानातून पोर्तुगालात पोहोचून 'अनिल' झाली, आणि निळीपासूनच १८२६ साली प्रथम मिळालेल्या या तेलास पुढे तेच नाव पडले. १८५६ साली पर्किनने त्यातून जांभळा रंग काढला व रंगांचा सारा उद्योग पालटला. आपल्या राज्यात रसायनी येथील सरकारी कारखान्यात ते तयार होत असे. तेथील बहुतेक संयंत्रे बंद करण्याचा निर्णय केंद्राने २०१७ साली घेतला. मागणी मात्र थांबलेली नाही. रंग, रबर, गाद्यांचा फोम, सर्वांस ते लागते.

हे तेल पोटात जावयासच हवे असे नाही. धडधाकट कातडीतूनही ते शरीरात शिरते. रक्तास प्राणवायू पोहोचविता येईनासा होतो, रक्त चॉकलेटी दिसते, ओठ व नखे निळी पडतात. कित्येकदा हे काही तासांनी उमगते. तान्ह्या मुलांस धोका अधिक. दुपट्यावरील धोब्याच्या खुणेच्या शाईनेही बालके निळी पडल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत. उतारा म्हणून डॉक्टर शिरेतून मेथिलीन ब्लू देतात. तोही एक रंगच!

पाण्याहून किंचित जड असलेले हे द्रव्य पिंपाच्या तळाशी बसते. दोनदा विसळून ते गेले असे मानणे भाबडेपणाचे होय. पिंपावर '१५४७' हा आंतरराष्ट्रीय क्रमांक असतो, पण तो वाचावयास गावात कोणास शिकविले आहे? घातक रसायनांची रिकामी पिंपे हाही घातक कचराच, असे २०१६ चे नियम स्पष्ट सांगतात. तेव्हा प्रदूषण नियंत्रण मंडळाने कारखान्याच्या फाटकाशीच प्रत्येक पिंपाचा हिशेब घ्यावा, मराठीत इशारा छापल्यावाचून एकही बाहेर सोडू नये, आणि आरोग्य खात्याने या भागातील सरकारी रुग्णालयांत मेथिलीन ब्लूचा साठा येत्या उन्हाळ्यापूर्वी ठेवावा.