गाडी घरी रंगवा, पण गन आणू नका

आपल्या हॉस्टेलवर बरीच पोरं खेड्यापाड्यातली. त्यातल्या काहींचं घर थोड्या शेतीवर आणि दारात उभ्या असलेल्या एका सेकंडहँड चारशेसातवर चालतं. दसरा जवळ आला किंवा पासिंगची तारीख आली की घरून फोन येतो, "गाडी रंगवायचीय. तू इंजिनिअर होतोयस ना, सुट्टीत ये." गॅरेजवाल्याने सांगितलेला आकडा ऐकून वडिलांनी ठरवलेलं असतं, घरीच करू. आणि आमचे इंजिनिअर साहेब मोबाइलवर चार व्हिडिओ बघून पहिली गोष्ट कुठली करतात? कॉम्प्रेसर आणि स्प्रेगन भाड्याने कुठे मिळेल ते शोधतात!

माझं स्पष्ट मत आहे की पहिल्यांदाच, घरच्या अंगणात आणि कमी पैशात गाडी रंगवायची असेल तर गनचा नाद सोडावा. साधा सिंथेटिक इनॅमल, चार इंची फोमचा रोलर आणि एक बऱ्यापैकी ब्रश, बस्स. "ब्रशने? गाडी आहे का गेट आहे?" असं माझा रूममेट म्हणाला. पण अहो, गेटच तर वर्षानुवर्षं पावसात उभं असतं ना!

आधी हिशोब बघू. चारशेसातची केबिन, हौदा, फाळके आतून-बाहेरून धरले तर फार तर 250 चौरस फूट होतात. लिटरभर इनॅमलमध्ये एका हाताला 100 चौरस फूट तरी निघतात. म्हणजे दोन हातांना पाच लिटर. लिटरचा भाव 300 रुपयांच्या आसपास धरा, नुसता रंग दीड हजारात बसतो. मग गॅरेजवाला एवढे पैसे कशाचे घेतो? घासकामाचे. घरी करताना आपण नेमकं तेच टाळतो आणि वाचलेले पैसे गनच्या भाड्यात घालतो. शिवाय साध्या गनमधून निम्म्याहून जास्त रंग पत्र्यावर बसतच नाही, वाऱ्यावर जातो. शेजारच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर आणि गोठ्यातल्या म्हशीवर जातो.

घासकामाबद्दल मात्र थोडं सविस्तर लिहितो, कारण गाडी तिथेच टिकते किंवा तिथेच सडते. आधी धुणं, मग घासणं; हा क्रम उलटा करू नये. आपल्याकडे गाडी चमकावी म्हणून डिझेलच्या फडक्याने पुसायची सवय असते. तो तेलकटपणा साबणाने काढला नाही तर कागद मारताना तोच पत्र्यावर सगळीकडे पसरतो आणि रंग जागोजागी फाटतो. मग गंज. वरवर तारेचा ब्रश फिरवून त्यावर पुट्टी भरणं हा सगळ्यात लोकप्रिय आणि सगळ्यात महाग प्रकार. लोखंडाचा गंज झाला की तो मूळच्या दुपटीहून जास्त जागा मागतो. मटेरियल सायन्सच्या पेपरात आपण हे लिहून मार्क घेतो आणि घरी गेल्यावर विसरतो. पुट्टीखाली उरलेला गंज वाढतो आणि पुढच्या पावसाळ्यात मडगार्डवर फोड येतात. म्हणून पांढरा पत्रा दिसेपर्यंत घासायचं. भोक पडलं असेल तर पुट्टीने बुजवायचं नाही, वेल्डरकडे जायचं.

आणखी एक. हार्डनर घालून लावायची पत्र्याची पुट्टी पाणी पिते. ती कोरडीच घासावी आणि लगेच प्राइमरखाली झाकावी. रेड ऑक्साइडसुद्धा सच्छिद्र असतो. "प्राइमर मारलाय, आता आठ दिवस चालवू, मग बघू" हे चालत नाही.

जुना रंग मात्र कधीही कोरडा घासू नये, पाणी मारूनच घासावा. इथे पैशांपेक्षा मोठी गोष्ट आहे. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिसं 90 पीपीएमपेक्षा जास्त नको, असा केंद्राचा 2016 चा नियम आहे. पण तो भिंतींच्या, घरच्या रंगांपुरता. गाड्यांच्या जुन्या पिवळ्या, नारिंगी रंगांत लेड क्रोमेट असू शकतं. गॅरेजात ती धूळ गॅरेजात राहते (कामगारांच्या छातीत राहते, हेही वाईटच). घरी ती अंगणात पडते, जिथे ताईचं पोरगं रांगतं आणि तीच बोटं तोंडात घालतं. घासून निघालेला चिखल गोळा करून पिशवीत भरावा, परसात ओतू नये. लहान मुलं तेवढे दिवस मामाकडे पाठवावीत.

आता गनकडे परत येतो. गन आणली की तिच्यासोबत चकचकीत टू-के पीयू रंग आणायचा मोह होतोच. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. नाव ऐकून 1984 चं भोपाळ आठवलं असेल. तिथला मिथाइल आयसोसायनेट वेगळा, तो ह्यात नसतो. कुळ मात्र तेच. ह्याचे बारीक तुषार श्वासात गेले तर काहींना दमा जडतो, आणि एकदा शरीराला त्याचं वावडं निर्माण झालं की पुढे अगदी थोड्या मात्रेनेही त्रास होतो. हे काम करणाऱ्याला बाहेरून नळीने हवा पुरवणारा मास्क हवा. आपल्याकडे तोंडाला रुमाल बांधतात! चकाकीसाठी वडिलांची छाती पणाला लावू नये, एवढंच माझं म्हणणं.

रोलरने चकाकी थोडी कमी येते हे मान्य. इनॅमल उन्हात काही वर्षांनी फिका पडतो, हेही मान्य. पण तो पुन्हा घरीच मारता येतो. मारताना जाड थर देऊ नका. इनॅमल नुसता थिनर उडून वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन पक्का होतो. जाड थराला वर साय धरते आणि आत चिकट राहतं. पातळ हात मारून लगेच कोरडा ब्रश हलकेच फिरवावा म्हणजे बुडबुडे मोडतात. रात्रभर वाळू द्यावा. गाडीवर आधी कुठला रंग आहे हे कळत नसेल तर फाळक्याच्या आतल्या कोपऱ्यात एन.सी. थिनरचा बोळा घासून बघा. रंग विरघळून बोळ्याला आला तर एन.सी., सुरकुत्या पडल्या तर इनॅमल, काहीच झालं नाही तर बहुधा टू-के.

आणि दसऱ्याची घाई नको. पावसाळी दमट हवेत रंग वाळायला वेळ लागतो. एप्रिल-मे मधली सकाळ उत्तम, पत्रा तापायच्या आत. पूजा काय, जुन्या रंगाच्या गाडीचीही होते.

रंगच बदलायचा असेल तर आधी आरटीओत जावं, कारण आर.सी.वर रंग लिहिलेला असतो. चासी नंबर आणि रिफ्लेक्टर पट्ट्यांवर कागद चिकटवून ठेवावा. आणि जे पैसे वाचतील त्यातले थोडे गावातल्या पेंटरला द्या. रेडियमवाल्यांनी त्याचं बरंच काम खाल्लंय. आईचं नाव, देवाचं नाव, फाळक्यावरची फुलं त्याच्याच हातून काढून घ्या. फक्त 'हॉर्न ओके प्लीज' तेवढं लिहू नका म्हणावं, महाराष्ट्रात 2015 साली त्यावर बंदी आली.