मोकळ्या वेळेची जबाबदारी कोणाची?

पावसाळा ओसरला की पुण्यातल्या महाविद्यालयांच्या बस नसरापूरहून आत भोर-वेल्ह्याच्या डोंगरांत वळू लागतात. इतिहास विभागाला राजगड-तोरणा पाहायचा असतो, वनस्पतिशास्त्राला रायरेश्वराचं पठार, भूगोलाला भाटघर आणि नीरा देवघरची धरणं. राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या निवासी शिबिराला भोर किंवा वेल्ह्यातलं एखादं गाव लागतं. ही वर्दळ आता वाढणार आहे. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्य केलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत राजगड आहे. शिवाय नव्या शैक्षणिक धोरणाने फील्ड प्रोजेक्ट आणि समाजसहभागाचे उपक्रम पदवीच्या क्रेडिटमध्ये आणले आहेत. काल ज्याला यायचं तो येत होता, आज न येणाऱ्याचे गुण जातात. येणं असं सक्तीचं होत असेल, तर नेणाऱ्या प्राध्यापकाची जबाबदारी नेमकी काय आणि ती पार पाडायला त्याच्या हातात काय, हेही ठरायला हवं. सध्या बहुतेक ठिकाणी या प्रश्नाचं उत्तर म्हणून पालकांच्या सहीचं संमतीपत्र पुढे केलं जातं.

आजवरचे मोठे अपघात एकत्र पाहिले की एक गोष्ट लक्षात येते. 8 जून 2014 रोजी हैदराबादच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे 24 विद्यार्थी हिमाचलमध्ये बियास नदीत वाहून गेले. दौरा शैक्षणिक होता, पण ते मनालीच्या वाटेवर उतरून नदीपात्रात फोटो काढत होते आणि वरच्या लारजी प्रकल्पातून पाणी सुटलं. 1 फेब्रुवारी 2016 रोजी पुण्याहून मुरूडला गेलेल्या महाविद्यालयीन सहलीतले 14 विद्यार्थी समुद्रात बुडाले. या मुलांचे जीव कारखाना पाहताना किंवा नमुने गोळा करताना गेले नाहीत. वेळापत्रकात ज्या तासांना नाव नव्हतं, त्या तासांत ते गेले. ‘आता तुम्ही मोकळे, दोन तासांनी बसजवळ या’ असं सांगितलं जातं, तिथून खरा धोका सुरू होतो. म्हणूनच अभ्यासाची आखणी आणि सुरक्षितता ही दोन वेगळी कामं मानणं चुकीचं आहे. कुठे किती वेळ थांबायचं, कशासाठी थांबायचं आणि कुठे मुळीच थांबायचं नाही, हे ज्याने विषयाच्या गरजेनुसार ठरवलंय, त्याच्याकडे बेवारस वेळ फारसा उरत नाही. जो उरतो, त्याचीही जागा त्याने आधी पाहिलेली असते.

भोर-वेल्ह्यात हे अधिकच लागू पडतं, कारण इथे अभ्यासाची जागा आणि धोक्याची जागा बहुतेक वेळा एकच असते. गुंजवण्यातून चोर दरवाज्याने राजगड चढायला सवय नसलेल्या गटाला अडीच-तीन तास सहज लागतात, आणि शेवटचा टप्पा कातळातल्या पायऱ्यांचा आहे. सकाळी आठला पायथ्याशी पोहोचायची बस अकराला पोहोचली, तर सुवेळा व संजीवनी या माच्या आणि बालेकिल्ला हे तिन्ही त्या दिवशी होणार नाहीत. त्यातलं काय सोडायचं हे इतिहासाच्या सरांनी पायथ्याशीच ठरवायला हवं. तसं न ठरवल्यास थकलेली मुलं अंधारात त्याच पायऱ्या उतरतात. भाटघरला वेगळी काळजी. धरण भरलं की स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात आणि खालच्या पात्रातलं पाणी वाढतं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की काठ निसरडा होतो आणि पाण्याच्या वरवरच्या शांतपणावरून खोली कळत नाही. मे 2022 मध्ये याच जलाशयात एकाच दिवशी पाच जणी बुडाल्या होत्या. रायरेश्वरावर शिड्यांच्या तोंडाशी साठ मुलांची गर्दी होते. मढे घाटात धबधब्याच्या वरच्या बाजूला कड्याचा अंदाज येत नाही. पावसाळ्यात वरंधा घाटात दरड कोसळते, आणि डोंगराच्या घळीत शिरलं की मोबाइलची रेंज जाते. यातलं काहीही गुपित नाही. गावातल्या कोणालाही विचारलं तर तो सांगेल. प्रश्न इतकाच की प्राध्यापक आठवडाभर आधी येऊन विचारतो का.

आता संमतीपत्राकडे वळू. ‘काही बरंवाईट झाल्यास महाविद्यालय जबाबदार राहणार नाही’ या ओळीवर सही घेतली की आपण सुटलो, असं अनेक प्राचार्यांना मनापासून वाटतं. पण मुलाला सहलीला पाठवायला पालक संमती देतात, निष्काळजीपणाला नव्हे. मे 1995 मध्ये पठाणकोटजवळच्या एका शाळेची 14 मुलं सहलीत बियास नदीत बुडाली. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 2001 मध्ये न्यायालयाने प्रत्येक मुलामागे पाच लाखांची भरपाई कायम केली. सोबतच्या शिक्षकांच्या हलगर्जीपणाचं उत्तर संस्थेलाही द्यावं लागतं, हे त्या निकालातून स्पष्ट झालं. म्हणजे संमतीपत्राने फार तर पालकाला माहिती मिळते. तीही नीट मिळावी असं वाटत असेल, तर मार्ग, मुक्काम, जवळचं सरकारी रुग्णालय आणि सोबत येणाऱ्यांची नावं त्यात हवीत. तशी संमतीपत्रं क्वचितच दिसतात.

यावर पहिला आक्षेप असा की ही मुलं अठरा वर्षांची झालेली आहेत, मतदान करतात, त्यांना हाताला धरून किती दिवस फिरवायचं? आक्षेपात तथ्य आहे. धोक्याची सूचना मिळूनही पाण्यात उतरणारा विद्यार्थी स्वतःच्या कृतीला जबाबदार असतोच. पण सज्ञान असणं निर्णयापुरतं पुरतं, माहितीला पर्याय होत नाही. वरचं धरण भरलंय हे वीस वर्षांच्या मुलाला आपोआप कळत नाही. शिवाय बस कधी सुटणार, कुठे थांबणार, गुण कोण देणार, हे सगळं ज्याच्या हाती, तो ‘मी फक्त सोबत होतो’ असं म्हणू शकत नाही. दुसरा आक्षेप व्यवहाराचा: हे काम सरळ ट्रेक नेणाऱ्या संस्थेकडे सोपवावं. राज्याच्या 2021 च्या साहसी पर्यटन धोरणाने अशा संस्थांना नोंदणीच्या चौकटीत आणलंय, त्यामुळे नोंदणी पाहून जाणकार माणसं सोबत घेणं शहाणपणाचंच आहे. पण दोर बांधणारा वाटाड्या विद्यार्थ्यांचे आजार, स्वभाव आणि आपापसातले ताणतणाव जाणत नाही. दम्याची मुलगी कोण, आणि मागे राहिलो हे सांगायला लाजणारा मुलगा कोण, हे वर्गात शिकवणाऱ्यालाच ठाऊक असतं.

तिसरा आक्षेप सगळ्यांत गंभीर आहे आणि तो प्राध्यापकांचाच आहे. एवढं सगळं अंगावर येणार असेल तर कोणी मुलांना वर्गाबाहेर नेणारच नाही. ही भीती खरी आहे, आणि तिचं कारण असं की आज जबाबदारी प्राध्यापकावर आहे, पण अधिकार त्याच्याकडे नाही. अनेक महाविद्यालयांत अशा दौऱ्यांवर तासिका तत्त्वावरचे तरुण शिक्षक पाठवले जातात. पुढच्या वर्षीची नेमणूक ज्याच्या मर्जीवर, त्याला ‘पाऊस फार आहे, आज गड नको’ असं सांगणं सोपं नसतं. बसचे पैसे भरलेले असतात, मुलं हिरमुसतात, आणि शेवटी ‘जाऊ या, बघू पुढे’ यावर निभावलं जातं. त्यामुळे जबाबदारी वाढवण्याआधी दौरा थांबवण्याचा, वाट बदलण्याचा आणि एखाद्याला परत पाठवण्याचा अंतिम अधिकार नेणाऱ्या प्राध्यापकाला लेखी मिळायला हवा, आणि तो वापरल्याबद्दल त्याला जाब विचारला जाऊ नये. अधिकारासोबत संस्थेचं पाठबळही हवं. परदेशी विद्यापीठांचे प्राध्यापक विद्यार्थ्यांना दुसऱ्या देशात शिकायला नेतात, तेव्हा विमा, जोखमीचा आराखडा आणि दिवसरात्र फोन उचलणारा माणूस ही तजवीज साधारणपणे संस्था करते. पुण्याहून वेल्ह्याला जाणं तेवढं दूर नाही, पण रेंज नसलेल्या डोंगरात पाय मोडलेल्या मुलासाठी ते अंतर फारसं वेगळं नसतं.

जबाबदारीची आणखी एक बाजू या चर्चेत सहसा येत नाही, ती म्हणजे यजमान गावाची. अपघात झाला तर सर्वांत आधी धावतात ती गावची माणसं. त्याच माणसांना धरणात गेलेल्या जमिनीबद्दल दरवर्षी नवी प्रश्नावली घेऊन आलेली मुलं तेच प्रश्न विचारतात आणि अहवाल महाविद्यालयाच्या कपाटात राहतो. गावाला आधी कळवणं, वाटाड्याला रीतसर मानधन देणं, अहवालाची प्रत ग्रामपंचायतीला देणं हे सौजन्य तर आहेच, पण ते सुरक्षिततेचंही साधन आहे. ज्या सरांना गाव ओळखतं, त्यांना गाव वेळेवर सावधही करतं.

विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यार्थ्यांच्या सुरक्षेबाबत 2015 मध्येच मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत, त्यामुळे नियम नाहीत अशी तक्रार करता येणार नाही. उणीव आहे ती कामाचा हिशेब ठेवण्याची. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाने दौऱ्याची परवानगी देताना तीन गोष्टी पाहाव्यात: जागेची पूर्वपाहणी कोणी व कधी केली, तासागणिक आखणी काय आहे, आणि दौरा रद्द करण्याचा अधिकार कोणाच्या नावे आहे. पूर्वपाहणीचा दिवस कार्यभारात धरावा आणि त्याचा खर्च महाविद्यालयाने द्यावा. सक्तीच्या क्रेडिटसाठी मुलांना डोंगरात पाठवणाऱ्या व्यवस्थेकडून एवढी अपेक्षा जास्त नाही. हे करायची तयारी नसेल, तर फील्ड प्रोजेक्टचे गुण सक्तीचे ठेवण्याचा अधिकारही तिने सोडावा.